हेमांगीची पाठ

माझा धाकटा भाऊ धीरज याच्यासाठी मुलगी पाहून आलेल्या मावशीने आधी तिच्या उंचीबद्दलच सांगितलं होतं. "मुलगी चांगली आहे, पण उंच आहे. धीरजच्या कानाला लागते." धीरज त्यावर हसला आणि म्हणाला, "लागू दे." लग्न झालं आणि हेमांगी आमच्या घरी आली. येताना तिने स्वतःचं शिलाई मशीनही आणलं.

तिचं माहेर अक्कलकुव्याजवळचं खापर गाव. वडिलांचं बाजारपेठेत कापडाचं लहानसं दुकान. बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या बायका उतरायच्या, कापड घ्यायच्या आणि दुकानाच्या ओट्यावर बसलेल्या या मुलीकडे शिवायला टाकायच्या. त्यांचा तेलमिठाचा बाजार उरकेपर्यंत ब्लाउज शिवून तयार. बाराव्या-तेराव्या वर्षापासून हे चाललेलं. आमच्या तापीकाठच्या गावात आल्यावर वर्षभरात निम्म्या गावाचे ब्लाउज तिच्याकडे येऊ लागले. जुना ब्लाउज देऊन "असाच शिव" म्हणणाऱ्या बाईला ती परत पाठवायची. स्वतः टेप लावून माप घ्यायची आणि एका जाड वहीत लिहून ठेवायची. त्या वहीत प्रत्येक बाईचं एक पान होतं.

मी लग्नानंतर पुरुषोत्तमनगरला राहते. माझे यजमान साखर कारखान्यात आहेत, मी शाळेत मराठी शिकवते. माहेर जवळ, त्यामुळे महिन्यातून एखादी चक्कर व्हायची. आमच्या घरात गुजरी आणि अहिराणी मिसळून बोलतात. इथे मी बहुतेक सगळं सरळ मराठीत लिहिते आहे, काही बोल मात्र तसेच ठेवले आहेत. हेमांगीबरोबर जे झालं त्यात माझाही थोडा वाटा आहे आणि तो काही चांगला नाही. पण तिची गोष्ट सांगायची तर तो गाळता येणार नाही.

२०२२च्या फेब्रुवारीत तिला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी गेली होती. अक्कलकुव्याच्या एका दवाखान्यात नैसर्गिक बाळंतपण झालं. बाळ पावणेतीन किलोचं. नाव मयूरी ठेवलं. बारशाला आम्ही सगळे गेलो तेव्हा हेमांगी खुर्चीत एका बाजूला झुकून बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "आठव्या महिन्यापासून पाठ दुखतेय ताई. होईल कमी."

कमी झालं नाही. बाळ पाच आठवड्यांचं असताना एका दुपारी ती झोळीतून त्याला उचलायला वाकली आणि पाठीत काहीतरी कट् झालं. आवाज कानांनी ऐकला की आतून जाणवला, हे तिला आजही नक्की सांगता येत नाही. बाळ तिने खाली पडू दिलं नाही. छातीशी धरून ती तशीच गुडघ्यांवर बसली आणि आईला हाक मारली.

बाळंतिणीची पाठ धरते, त्यात नवल काय, असंच सगळ्यांना वाटलं. मालिशवाल्या बाईला आणखी आठ दिवस यायला सांगितलं. ती बाई चांगल्या मनाची आणि हाताला जड होती. तिने हेमांगीला पालथं झोपवून पाठीच्या कण्यावर दोन्ही तळहातांनी भार दिला. त्या दिवसानंतर हेमांगीला कूस बदलतानाही ओरडायला होऊ लागलं. ती उशी तोंडात धरायची, कारण बाळ दचकायचं.

तिसऱ्या महिन्यात रिवाजाप्रमाणे ती सासरी आली. मे महिना होता. माझ्या आईला, मंगलाबाईंना, नात पाहून आनंद झाला आणि सुनेला पाहून काळजीही वाटली. पण आठ दिवसांत काळजीचा सूर बदलला. हेमांगीला पाणी भरता येईना, ओट्याशी उभं राहून चार भाकरी थापता येईनात. दहा मिनिटं झाली की भिंत धरायची आणि जाऊन पडायची. आई तिला तोंडावर फार बोलली नाही, पण शेजारणीशी बोलताना आवाज खालीही आणला नाही.

"आमले काय पोरे व्हयनात नई का? कंबर त सगळासनीच दुखस."

गावाजवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळी घेतली की चार तास बरं वाटायचं. बाळाला पाजते म्हणून जोरदार गोळी देता येत नाही, असं ते म्हणाले. "बाळंतपणानंतर होतंच असं. तीन-चार महिन्यांत शरीर पूर्ववत होतं," हेही त्यांनी सांगितलं. खोटं नव्हतं ते. बहुतेक बायकांचं होतंच की.

मी मेच्या सुट्टीत चार दिवस माहेरी राहायला गेले. सकाळी अकरा वाजता हेमांगी खोलीत आडवी होती आणि माझी साठी ओलांडलेली आई मागच्या अंगणात धुणं आपटत होती. मला राग आला. मी स्वतः दोन बाळंतपणं केली, दुसऱ्याच्या वेळी दोन महिन्यांत शाळेत हजर झाले. खोलीत जाऊन मी तिच्याजवळ बसले, चांगलं बोलले, पण मनात राग तसाच होता. परत आल्यावर धीरजला फोन केला आणि म्हटलं, "तिला जरा कामाला लाव. पडून राहिलं की दुखणं वाढतंच. माहेरी लाड झालेत, दुसरं काही नाही." धीरज "हं" म्हणाला. त्याला बायकोचं दुखणं खरं वाटत होतं की नाही, ते त्यालाच कळत नव्हतं. दिवसभर केळीच्या बागेत राबून तो घरी यायचा. एका खोलीत रडणारी बायको आणि दुसऱ्या खोलीत गप्प बसलेली आई. तोही गप्प राहायला शिकला.

जूनमध्ये दुसऱ्या एका दवाखान्यात पाठीचा एक्स-रे काढला. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि एका मणक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा दबल्यासारखा दिसतोय. मणक्याचा टीबी असू शकतो. तपासण्या करून घ्या." त्यांनी हेही सांगितलं होतं की मणक्याचा टीबी खोकल्यातून पसरत नाही. पण घरी पोचेपर्यंत त्यातला 'टीबी' हा एकच शब्द उरला. आईने हेमांगीचं ताट आणि पेला वेगळा केला. मयूरीचा पाळणा आईच्या खोलीत गेला. दूध पाजायचं झालं की बाळ आणून द्यायचं, पाजून झालं की घेऊन जायचं. कोणी दुष्टपणा केला असं मी म्हणणार नाही. नातीसाठी जिवाचं पाणी झालेल्या बाईने जे सुचलं ते केलं. पण हेमांगी मला नंतर म्हणाली, "पाठीपेक्षा तो पाळणा ओढत नेल्याचा आवाज जास्त लागला."

रक्ताच्या, थुंकीच्या तपासण्या झाल्या. कशातच काही निघालं नाही. त्यात महिना गेला.

जुलैच्या मध्यावर पुन्हा एकदा दवाखान्यात जायचं ठरलं, या वेळी नंदुरबारला, हाडांच्या डॉक्टरांकडे. जायच्या सकाळी हेमांगीने कपाटातून एक निळा कुर्ता काढला. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिने तो स्वतःसाठी शिवला होता. अंगात घातला आणि आरशासमोर उभी राहिली. वजन वाढलेलं नव्हतं, उलट कमीच झालं होतं. तरी कुर्ता बसेना. कंबरेची चिमट, म्हणजे कापड आत घेऊन घातलेली शिवण, कंबरेवर न बसता खाली नितंबांवर आली होती. पोटाशी कापडाच्या आडव्या घड्या पडल्या होत्या. पुढची बाजू गुडघ्याखाली चार बोटं उतरली होती आणि मागची वर उचलली गेली होती.

दुसरी कुणी तो कुर्ता काढून ठेवून साडी नेसली असती. पण हेमांगी शिंपीणच ना. कापड असं कधी पडतं हे तिला ठाऊक होतं. पाठ वाकलेल्या म्हाताऱ्या बायकांचे ब्लाउज शिवताना मागची बाजू जास्त धरावी लागते आणि पुढची कमी. सरळ मापाचा कपडा त्यांच्या अंगावर असाच दिसतो, पुढे लोंबलेला आणि मागे उचललेला. तिने मापाची वही काढली. त्यात तिचं स्वतःचंही पान होतं. कॉलेजच्या दिवसांपासूनची उंचीही तिथे लिहिलेली होती, पाच फूट चार इंच.

धीरज बाहेर मोटारसायकल पुसत होता. तिने त्याला आत बोलावलं.

"माझी उंची मोजा."

"आता? उशीर होतोय."

"मोजा ना."

ती दाराच्या चौकटीला टाच लावून उभी राहिली. धीरजने तिच्या डोक्यावर वही आडवी धरली, पेन्सिलने खूण केली आणि टेप लावला. मग पुन्हा टेप लावला. तिसऱ्या वेळी त्याने तिला सरळ उभी राहायला सांगितलं.

"सरळच उभी आहे," ती म्हणाली.

टेपवर पाच फूट दोन इंच आले होते. पाव इंच कमीच, पण धीरज म्हणाला, दोन धरू.

त्याने तिला पलंगावर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसला. तेव्हा हेमांगी म्हणाली, "मी खोटं नई बोलस. इतला महिना तुमले सांगी ऱ्हायनू." त्याने मान हलवली. मग ती वही आणि टेप पिशवीत टाकून निघाली.

नंदुरबारच्या त्या डॉक्टरांकडे गर्दी होती. तासाभराने नंबर आला. त्यांनी जुने कागद उलटसुलट केले आणि प्रश्न विचारायला तोंड उघडलं, इतक्यात हेमांगीने वही टेबलावर ठेवली.

"डॉक्टर, मी दोन इंचांनी कमी झालेय."

"कशावरून?"

"हे माझं माप. हे लग्नाआधीचं, हे आज सकाळचं. मी कपडे शिवते. पाठीचं माप तेवढंच आहे, पुढचं गळ्यापासून कंबरेपर्यंतचं दीड इंचाने कमी झालंय. वाकलेल्या बायकांचं असं असतं. मी माझ्या आईचा ब्लाउज असाच कापते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आईचं वय काय?"

"बावन्न."

"बावन्नाव्या वर्षी वाकल्यात? कधीपासून?"

हेमांगीला सांगता येईना. तिला आठवतं तेव्हापासून आई तशीच होती. दुकानात गठ्ठे उचलून वाकली, असं घरात म्हणायचे.

डॉक्टरांनी तिला उभं करून पाठीवरून एकेक मणका बोटाने चाचपला. तीन ठिकाणी तिचा श्वास अडकला. त्याच दिवशी एमआरआय झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी धीरजला आणि तिला समोर बसवून फोटो दाखवला. पाठीच्या मधल्या आणि खालच्या भागातले पाच मणके चेपले होते. चौकोनी ठोकळ्यासारखे दिसायला हवेत, ते पुढच्या बाजूने पाचरीसारखे झाले होते.

"टीबी नाही हा," ते म्हणाले. "हाडं ठिसूळ झालीत. म्हाताऱ्या बायकांना होतं ते हिला सव्विसाव्या वर्षी झालंय. पोटात बाळ असताना त्याच्या हाडांसाठी आईच्या हाडांतलं कॅल्शियम जातं, पाजताना आणखी जातं. बहुतेक बायकांचं पुन्हा भरून येतं. फार थोड्या जणींचं इतकं कमी होतं की मणके शरीराचं वजन पेलू शकत नाहीत. वाकलं, बाळ उचललं, एवढ्यानेही मोडतात. दुर्मीळ आहे, म्हणून कुणाच्या लवकर लक्षात येत नाही. मी स्वतः पंचवीस वर्षांत ही दुसरी केस पाहतोय."

"म्हणजे मोडलेत?" धीरजने विचारलं.

"पाच."

परतीच्या वाटेवर धीरजने मोटारसायकल नातलगाकडे ठेवली आणि भाड्याची गाडी केली. गाडीत तो एकदाच बोलला. "पाच मोडलेले मणके घेऊन तू भाकरी थापत होतीस."

पुढच्या आठवड्यात सुरतला मोठ्या दवाखान्यात हाडांची घनता मोजली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी उपचार ठरवले. पाठीला पट्टा, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, पोटावर रोज एक इंजेक्शन, तेही दीड-दोन वर्षं. पाच किलोपेक्षा जड काही उचलायचं नाही. आणि बाळाचं अंगावरचं दूध बंद करायचं.

हे शेवटचं ऐकून घरात वादळ उठलं. आई म्हणाली, "पाच महिन्यांच्या पोरीचं दूध तोडायचं? हाडांची दवा घ्या, हवी तेवढी घ्या. दूध कशाला तोडायचं?" तिच्या दृष्टीने हे सगळं अजूनही सुनेच्या बाजूचं बोलणं होतं, फक्त आता त्याला डॉक्टरांचा कागद जोडला होता. तोवर धीरजने मला फोन करून सगळं सांगितलं होतं. मी रविवारी तिकडे गेले. त्याच दिवशी हेमांगीची आई, ममताबाई, खापरहून आल्या.

ममताबाईंना मी लग्नात पाहिलं होतं, बारशातही पाहिलं होतं, पण नीट पाहिलं ते त्या दिवशी. त्या लेकीच्या पलंगाशेजारी बसल्या तेव्हा त्यांची हनुवटी जवळजवळ छातीला टेकली होती. हेमांगीने विचारलं, "मम्मी, तुझी पाठ कधीपासून अशी आहे? डॉक्टरांना सांगायचंय."

ममताबाईंनी पदर सारखा केला.

"तू चार महिन्यांची होतीस," त्या म्हणाल्या. "विहिरीवरून घागर घेऊन येत होते. मध्येच पाय सुटल्यासारखे झाले. त्यानंतर सहा महिने उठता येईना. तुझी आजी म्हणायची, पोरगी झाली म्हणून आता हिला कामच नको. मग तुझ्या बाबांनी मला माहेरी सोडलं. एक वर्ष आणलं नाही."

"वर्षभर?"

"तेरा महिने. तुला घेऊन गेले होते मी. माझा भाऊ दर महिन्याला तुझ्या बाबांकडे जायचा, हातापाया पडायचा. मग आणलं. तोवर पाठ वाकली होती, पण दुखायचं कमी झालं होतं. त्यामुळे तुझी आजी म्हणाली, बघा, नव्हतंच काही."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? आई कामचुकार म्हणून टाकली होती, हे सांगायचं? तुझं लग्न व्हायचं होतं. आणि मलाही नक्की कुठे ठाऊक होतं बेटा. सगळे म्हणायचे तेव्हा मलाही वाटायचं, मीच कमी पडतेय. तुझी पाठ दुखते असं फोनवर म्हणालीस ना, तेव्हाच मला माझं सगळं आठवलं होतं. पण मी तुला काय म्हटलं? होईल कमी, असंच म्हटलं."

त्या रडल्या नाहीत. हेमांगीने त्यांचा हात धरला. मी दाराकडे पाहिलं तेव्हा माझी आई तिथे मयूरीला खांद्यावर घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. ती आत आली नाही.

संध्याकाळी पावडरच्या दुधाची बाटली आणली. मयूरीने ती तोंडात धरली आणि जिभेने बाहेर ढकलली. पुन्हा दिली, पुन्हा ढकलली. ती रडून रडून लाल झाली. भिंतीपलीकडे हेमांगीला तिचा आवाज ऐकू येत होता. तिचं दूध थांबलेलं नव्हतं, तिचा गाऊन पुढून भिजत होता आणि ती छातीवर टॉवेल दाबून बसली होती. "एकदाच देते ताई," ती मला म्हणाली.

तेव्हा आई उठली. तिने चांदीची वाटी आणि लहान चमचा काढला, दूध कोमट केलं आणि मयूरीला मांडीवर आडवं घेऊन तिच्या ओठांशी चमचा टेकवला. अर्धं सांडलं, थोडं गेलं. आई पुन्हा चमचा भरायची. मध्येच पोर झोपायची, जागी झाली की पुन्हा तेच. दोन दिवस आईने दुसरं काही केलं नाही. जेवणही तिने तिथेच बसून केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मयूरीने वाटीभर दूध संपवलं, तशी आई हेमांगीच्या खोलीत गेली.

"पिधं तिने," ती म्हणाली. "आता तू झोप."

मग पाळण्याकडे वळून तिने तो स्वतः ढकलत हेमांगीच्या पलंगाला लावला. त्या रात्रीपासून हेमांगी सगळ्यांबरोबर, घरातल्याच ताटात जेवू लागली.

मी परत निघायच्या आधी तिच्याजवळ बसले. मला जे बोलायचं होतं ते बोलायला धीर होत नव्हता. शेवटी म्हणाले, "मे महिन्यात मी धीरजला फोनवर काहीतरी म्हटलं होतं. तुझ्याबद्दल."

"माहीत आहे मला."

"त्याने सांगितलं?"

"नाही. फोन स्पीकरवर होता. ते हात धूत होते, मी इथेच होते."

हेमांगी छताकडे पाहत होती. कूस बदलायला अजून त्रास होई.

"तुमचा राग नाही आला ताई," ती म्हणाली. "तुम्ही शिकलेल्या. मला वाटलं, ताई म्हणतात तर खरंच मी ढोंग करतेय की काय. त्या रात्री मी मुद्दाम उठून सगळी भांडी घासली. बघूया तरी, म्हटलं. दुसऱ्या दिवशी हलताच आलं नाही."

माफी मागितली मी. ती "असू द्या" म्हणाली. तिने मनातून माफ केलं की वयाने मोठ्या नणंदेला म्हणायचं म्हणून म्हटलं, हे मला आजही ठाऊक नाही, आणि विचारण्याचा अधिकार मला आहे असं वाटत नाही.

बरं व्हायला वेळ लागला. इंजेक्शन पहिल्या महिन्यात धीरज द्यायचा. शेतात कोब्रा मारलेला माणूस, पण बायकोच्या पोटाची चिमूट धरली की तिलाच तीन-तीनदा "टोचू का?" विचारायचा. मग हेमांगीने इंजेक्शनचं पेन स्वतःच्या हातात घेतलं. सकाळी गच्चीवर उन्हात बसणं, पट्टा बांधून अंगणात चालणं, सुरुवातीला वीस पावलं, मग पन्नास. सहाव्या महिन्यात तिने स्वतःचे केस स्वतः विंचरले. आठव्या महिन्यात मशीनवर बसली आणि पाव तासात उठली. कापड कापायला वाकणं शक्यच नव्हतं, म्हणून धीरजने गावच्या सुताराकडून छातीइतक्या उंचीचं टेबल करून घेतलं. आता ती उभ्यानेच कापते.

सगळ्यात अवघड गेलं ते लेकीला न उचलणं. वर्षभर तिने मयूरीला एकदाही उचललं नाही. पोर हात वर करून समोर यायची आणि हेमांगी खुर्चीतच बसून राहायची. मग मयूरीनेच वाट काढली. नऊ महिन्यांची असताना ती पलंगाची चादर धरून वर चढायला शिकली. पुढे आधी चौरंग, मग खुर्चीची आडवी पट्टी आणि मग आईची मांडी, असा तिचा रस्ताच ठरला. पडायची, पुन्हा चढायची. शेजारणी म्हणायच्या, ही पोर माकडासारखी चढते. हेमांगी मांडी घट्ट करून बसायची आणि ती पोचली की दोन्ही हातांनी वेढून घ्यायची.

दुसऱ्या वर्षी घनतेची तपासणी पुन्हा केली तेव्हा हाडं बरीच भरली होती. चेपलेले मणके मात्र तसेच राहतात. उंची परत आली नाही. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण राहण्याजोगं झालं. ममताबाईंचीही तपासणी करून घेतली. त्यांच्या हाडांना औषध सुरू झालं. त्यांची पाठ आता सरळ होणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "पाठीचं जाऊ द्या. काय झालं होतं ते कागदावर लिहून द्याल का?" डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं. तो कागद त्यांनी नवऱ्यासमोर ठेवला. हेमांगीच्या वडिलांनी तो वाचला आणि ते दुकानात निघून गेले. संध्याकाळी परतताना बायकोसाठी पाठ टेकायची खुर्ची घेऊन आले. यापलीकडे त्यांच्यात काही बोलणं झालं नाही, असं हेमांगी सांगते.

गेल्या वर्षी आमच्या शेतावर डोंगरातलं एक जोडपं कामाला होतं. त्यातली दिवलीबाई तीन महिन्यांची बाळंतीण. ब्लाउजचं माप द्यायला आली आणि बोलता बोलता म्हणाली की पाठ फार दुखते. हेमांगीने हातातला टेप ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी तिला धीरजबरोबर नंदुरबारला पाठवलं. एक्स-रे निघाला, मणके शाबूत होते. अंगात रक्त कमी होतं, त्याच्या गोळ्या मिळाल्या. दिवलीबाई परत आली ती थोडी कुरकुरतच, दिवस वाया गेला म्हणून. आईनेही म्हटलं, "उगाच धावपळ." हेमांगी म्हणाली, "नसलं तर बरंच झालं की." आणि दिवलीबाईचा ब्लाउज कापायला घेतला.

दुसऱ्या मुलाबद्दल डॉक्टरीणबाईंनी घाई करू नका म्हटलं होतं. पुन्हा तसं होईलच असं नाही, पण होऊ शकतं. हेमांगीने आणि धीरजने विचार करून मयूरीवरच थांबायचं ठरवलं. आमच्या समाजात हे सहज पचत नाही. या वर्षी अक्षय्य तृतीयेला घरात पाहुण्या जमल्या होत्या. मीही होते. एका दूरच्या काकूंनी पुरणपोळी खाता खाता विषय काढला. "मंगला, नात झाली, आता नातू कधी? तीन वर्षं झाली की."

हेमांगी तूप वाढत होती. तिचा हात थांबला. मी काही बोलणार तेवढ्यात आई बोलली.

"आमना घरमा आते पोरं नई. ठरी गयं," ती म्हणाली.

"का गं, सुनेला काही त्रास आहे?"

"तिले काय नई. तिनी पाठ मोडेल व्हती. पाच जागावर. आमले दिसनी नई." आईने पोळीचा घास मोडला. "तुले आणखी तूप दिऊ का?"

काकूंनी मान हलवली. हेमांगीने त्यांच्या पोळीवर तूप सोडलं आणि पुढच्या ताटाकडे गेली.